‘मी’ म्हणायची सोय नसलेल्या बायका

(आमच्या गटाच्या वार्षिक शिबिरात ‘आपण काय वाचतो’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

या सत्रात दरवर्षी कुणीतरी एका पुस्तकाबद्दल बोलतं. मी आज ज्याबद्दल बोलणार आहे ते ऐकून काहीजणी हसतील. चीनमध्ये इंटरनेटवर क्रमशः लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या. राजवाडे, जनानखाने, सवतींची भांडणं. माझी भाची त्यांची इंग्रजी भाषांतरं रात्र रात्र मोबाईलवर वाचत असते. एकदा मी तिला म्हटलं, “अगं, आमची सगळी उमर ‘बाईच बाईची शत्रू’ या वाक्याशी भांडण्यात गेली, आणि तू तेच वाक्य हजार पानांत वाचत बसली आहेस!” ती म्हणाली, “मावशी, तू एक तरी वाचलीयस का?” नव्हती वाचली. म्हणून वाचायला घेतली. आज सांगते ते त्या वाचनाबद्दल, आणि त्या वाचनामुळे माझ्या कामातली जी एक चूक मला दिसली तिच्याबद्दल.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात. जिनजियांग नावाचं एक संकेतस्थळ २००३ साली सुरू झालं. तिथे लिहिणाऱ्याही बहुतेक बायका आणि वाचणाऱ्याही बहुतेक बायका. लेखिका टोपणनावाने लिहितात. गोष्ट प्रकरणाप्रकरणाने येते. सुरुवातीची प्रकरणं फुकट, पुढची बऱ्याचदा हजार अक्षरांच्या हिशेबाने विकत. त्यामुळे कादंबऱ्या लांबतात हेही खरं. पण त्यातल्या काही चीनभर गाजल्या. तोंग ह्वा या लेखिकेची ‘बू बू जिंग शिन’, म्हणजे पावलागणिक धास्ती, आणि लिऊ लिआनझी हिची जेन हुआनची कथा. या दोन्हींवर २०११ साली दूरदर्शन मालिका निघाल्या. तिसरी मिंगलानची कथा. तिची मालिका २०१८ च्या अखेरीस आली. मी या तिघींबद्दलच बोलणार आहे.

वाचताना मी पहिल्यांदा अडखळले ते बोलण्यापाशी. या कादंबऱ्यांत दरबारी बोलण्यात सहसा कुणी सरळ ‘मी’ म्हणत नाही. मोलकरीण स्वतःला ‘ही बटीक’ म्हणते. राजाची उपपत्नी राजासमोर ‘चेनच्ये’ म्हणते. त्या शब्दातच सेवक आणि बटीक असे दोन्ही अर्थ आहेत. तीच बाई वर चढली आणि तिला स्वतःचा महाल मिळाला, की हाताखालच्या बायकांशी बोलताना ती स्वतःला ‘बनगोंग’ म्हणवते, म्हणजे ‘हा महाल’. बाईचा महाल झाला! आणि बादशहाचा ‘मी’ वेगळाच. ‘जेन’ हा एक जुना चिनी शब्द आहे. पूर्वी तो कुणीही स्वतःसाठी वापरत असे. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये पहिल्या छिन सम्राटाने तो फक्त सम्राटासाठी राखून ठेवला. जमीन घेतली, राज्यं घेतली, आणि लोकांच्या तोंडातला एक ‘मी’सुद्धा घेतला.

इंग्रजी भाषांतरात काही ठिकाणी हे सगळं सपाट होऊन नुसतं ‘मी’ होतं. मग संवादाचा कणाच जातो. कारण कोण कुणासमोर स्वतःला काय म्हणवते यावरच तिथे सगळं चाललेलं असतं. एखादी बाई काल ‘धाकटी बहीण’ म्हणत होती आणि आज ‘हा महाल’ म्हणाली, तर समोरचीला कळतं की मैत्री संपली. भांडण झालेलं नसतं, आवाज चढलेला नसतो. चहाचा पेला तेवढा जरा लवकर खाली ठेवलेला असतो. ‘अहो’ आणि ‘हे’ यांवर ज्यांच्या आयांनी अख्खा संसार केला, त्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

असं आडून का बोलायचं? याचं उत्तर कादंबरीबाहेर, चीनच्या इतिहासात आहे. नवऱ्याने बायकोला टाकून देण्याची सात कारणं जुन्या ग्रंथांत सांगितलेली होती, आणि पुढे ती कायद्यातही आली. मुलगा न होणं, व्यभिचार, सासूसासऱ्यांची आज्ञा न पाळणं, चोरी, वाईट रोग, आणि आणखी दोन: फार बोलणं आणि मत्सर करणं. नीट ऐका. नवरा हव्या तितक्या बायका आणू शकतो, आणि त्याबद्दल वाईट वाटणं हा बायकोचा गुन्हा. ते वाईट वाटणं बोलून दाखवणं हा दुसरा गुन्हा. पहिल्या-दुसऱ्या शतकात बान जाओ नावाची मोठी विदुषी होऊन गेली. भावाच्या मृत्यूनंतर हान घराण्याचा अपुरा राहिलेला इतिहास तिने पुरा केला. त्याच बान जाओने बायकांना उपदेश करणारं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बाईच्या चार गुणांत बाईचं बोलणं हा एक गुण आहे, आणि ते बोलणं चतुर किंवा धारदार असण्याची गरज नाही असं ती सांगते. इतकी धारदार लेखणी असलेल्या बाईने हे लिहावं! ज्या घरात बोलणं आणि मत्सर हे दोन्ही गुन्हे आहेत, तिथल्या बायका आडूनच बोलणार. त्याला आपण ‘बायकी कावा’ म्हणतो.

आता त्या तिघींकडे वळते.

‘बू बू जिंग शिन’ची नायिका आजच्या काळातली, शेनझेन शहरात नोकरी करणारी मुलगी. ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, कांगशी बादशहाच्या काळात जाऊन पडते आणि रुओशी नावाच्या मुलीच्या देहात जागी होते. हा ‘काळ ओलांडण्याचा’ प्रकार या कादंबऱ्यांत फार चालतो. मला तो आधी पोरकट वाटला. मग लक्षात आलं की लेखिकेला त्यातून एक गोष्ट साधता येते. आपल्यासारखी शिकलेली, पगार मिळवणारी, ‘मी’ म्हणणारी मुलगी तिथे टाकली तर तिचं काय होतं, हे बघता येतं. सुरुवातीला रुओशी फटकळ आहे, एका सरदारकन्येशी चक्क झोंबाझोंबी करते. पुढे ती बादशहाला चहा देणारी दासी होते आणि गप्प राहायला शिकते. इतिहास तिला पाठ आहे, कोणता राजपुत्र बादशहा होणार हे तिला माहीत आहे, पण त्या माहितीचा तिला काडीचा उपयोग नाही. बादशहा तिचं लग्न चौदाव्या राजपुत्राशी ठरवतो तेव्हा ती नाही म्हणते. त्या एका ‘नाही’ची किंमत म्हणून मार खाते आणि धुणं धुण्याच्या खात्यात पाठवली जाते. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

दुसरी मिंगलान. एका अधिकाऱ्याची उपपत्नीपासून झालेली मुलगी. तिची जन्मदाती बाळंतपणात गेली. आजी तिला वाढवते. या घरांत लग्नाची बायको एकच, बाकीच्या उपपत्नी. उपपत्नीच्या मुलांनी आई म्हणायचं ते बापाच्या लग्नाच्या बायकोला. जन्म देणारीला आई म्हणायचं नाही, तिला घरातल्या उपपत्नीचं जे संबोधन असेल त्याने हाक मारायची. त्साओ श्वेछिनच्या ‘लाल महालाचं स्वप्न’ या अठराव्या शतकातल्या थोर कादंबरीत तानचुन नावाची अशीच एक हुशार मुलगी आहे. सख्ख्या मामाला ती मामा मानायला तयार नाही. तिचा मामा म्हणजे बापाच्या लग्नाच्या बायकोचा भाऊ. आपल्याला ती निष्ठुर वाटते. पण त्या घरात मान मिळवायचा तर तिच्यापुढे दुसरी वाट नाही. आजच्या लेखिका संवादाची ढब याच कादंबरीकडून घेतात, आणि ही जखमही. मिंगलान काळ ओलांडून येण्याआधी न्यायालयात कारकून होती. म्हणून ती घराकडे निवाडा वाचावा तशी बघते: पुरावा कुणाकडे, सही कुणाची, मालमत्ता कुणाच्या नावावर. ती हुशारी लपवते, बहिणींपुढे हरते, होकार देत राहते. मालिका करताना काळ ओलांडण्याचा भाग काढून टाकला, त्यामुळे ही कारकुनी नजर थोडी कमी झाली. मला ती कादंबरीतच जास्त आवडली.

तिसरी जेन हुआन. ‘बाईच बाईची शत्रू’ या वाक्याचा खरा कस इथे लागतो. कादंबरीतलं राज्य काल्पनिक आहे. ७६ भागांच्या मालिकेने ते योंगझेंग बादशहाच्या दरबारात नेलं. मी सांगते त्यातला काही भाग मालिकेतला आहे. मुली निवडण्याच्या दिवशी आन लिंगरोंग ही गरीब घरची मुलगी चुकून दुसरीच्या कपड्यांवर चहा सांडते आणि अपमान सोसत उभी राहते. जेन हुआन मध्ये पडते, तिच्या केसांत फूल खोवते. तीच लिंगरोंग पुढे तिच्या जिवावर उठते. कृतघ्न म्हणायचं का? लेखिका दाखवते की दर वेळी दया करणारी वरची असते आणि घेणारी खालची. लिंगरोंगला बापाचं संरक्षण नाही, पैसा नाही. ज्या घरात प्रत्येकीची किंमत एकाच पुरुषाच्या मर्जीवर ठरते, तिथे मैत्रिणीची दयासुद्धा टोचते.

आणि ह्वा फेई. सगळ्यांचा छळ करणारी, गर्विष्ठ, आपल्याला जिचा राग येतो अशी. तिचं मूल पोटात गेलं ते दुसऱ्या एका उपपत्नीने आणून दिलेल्या औषधाने. म्हणून तिने त्या बाईला जबरदस्तीने औषध पाजून कायमचं वांझ केलं. दोघी आयुष्यभर वैरिणी. शेवटी कळतं की औषध पाठवण्याचा निर्णय वरून झाला होता. ह्वा फेईचा भाऊ मोठा सेनापती, तिला मुलगा झाला तर गादीला धोका. बादशहाने प्रेमाने तिला म्हणून दिलेला खास धूपसुद्धा तिला मूल होऊ नये म्हणूनच होता. हे कळल्यावर ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते. इतकी वर्षं दोन बायका एकमेकींना जाळत राहिल्या, आणि ज्याने हे केलं त्याचं नाव त्या भांडणात एकदाही आलं नाही.

इथे मला आपलं सल्ला केंद्र आठवलं. काही वर्षांपूर्वी एक सासू-सून आल्या होत्या. तीन बैठका मी दोघींना समोरासमोर बसवून घेतल्या. दुधाचा हिशेब, गॅसची शेगडी, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं लिहून घेतलं. मुलगा बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचा. ‘दोघींचं पटत नाही हो,’ एवढंच त्याचं म्हणणं. खोली त्याच्या नावावर होती. दोघींनाही आपण बाहेर काढल्या जाऊ ही भीती होती, आणि तो एकीला दुसरीबद्दल सांगत असे. हे मला फार उशिरा कळलं, कारण त्याला मी आत बोलावलंच नाही. शब्दांचा निवाडा करत बसले, खोली कुणाची हे विचारलं नाही. ती सून पुढे आली नाही. तिचं काय झालं मला माहीत नाही.

या कादंबऱ्यांवर आक्षेप आहेत. २०१२ च्या सुमारास चीनमध्ये लोक जेन हुआनच्या ढंगात बोलायला लागले. ऑफिसात कसं टिकावं याचा धडा म्हणूनही ती कथा वाचली गेली. जानेवारी २०१९ मध्ये ‘बीजिंग डेली’ने राजवाड्याच्या मालिकांवर कडक टीका केली आणि त्यानंतर काही मालिका वाहिन्यांवरून उतरल्या. सरकारी नीतिपाठाशी माझं काही घेणंदेणं नाही. पण माझाही एक आक्षेप आहे. या नायिका जिंकतात आणि त्याच खुर्चीत बसतात. जेन हुआन शेवटी राजमाता होते आणि एकटी उरते. दार मोडावं असं कुणालाच सुचत नाही. १ मे १९५० रोजी चीनमध्ये जो विवाह कायदा लागू झाला, त्याने उपपत्नी ठेवणं, बालविवाह ठरवणं, विधवेच्या लग्नात आडकाठी आणणं हे सगळं बंद केलं. ते दार कुणा हुशार राणीने उघडलं नाही. त्यामागे अनेकांची, अनेकींची दीर्घ चळवळ होती. कादंबरीत एकेकटी हुशार आहे, चळवळ नाही.

हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, पण भांडणाच्या वेळी तिसरं कोण गप्प बसलंय ते बघायला मी तिथेच शिकले.” मला उत्तर सुचलं नाही. आमच्या शिबिरांत आम्ही तिला ते शिकवलं असं मला वाटत होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, माझी सूचना साधी आहे. आपल्या केंद्रातल्या नोंदीच्या कागदावर ‘कोण काय म्हणालं’ याच्याआधी तीन प्रश्न घालू या. घर कुणाच्या नावावर आहे? या भांडणातून कुणाची सोय होते? आणि बैठकीला कोण आलेलं नाही? जो बाहेर बाकावर पेपर वाचत बसला असेल, त्याला आधी आत बोलवू या.

आणि आपल्या मुली काय वाचतात ते विचारताना आवाज जरा खाली ठेवू या. मी ठेवला नव्हता.

एवढं बोलून थांबते. चर्चेत तुमचं ऐकायला आवडेल.