पदार्थविज्ञान आणि अध्यात्म
(वार्षिक संमेलनातील भाषण)



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आधुनिक पदार्थविज्ञानावर मी अधिकारवाणीने बोलणे हे धाडसच होय. परंतु मला एका चुकीची कबुली द्यावयाची आहे, म्हणून उभा राहिलो.

वर्गात अणूचा धडा आला की मी अभिमानाने सांगत असे, "बाळांनो, हे सारे कणाद मुनींनी पूर्वीच शोधले आहे." एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग त्यांनी ते तपासले कसे?" मी त्याला दटावून खाली बसविले. उत्तर मजजवळ नव्हते. सेवानिवृत्तीनंतर वाचू लागलो तेव्हा माझे मलाच लाजल्यासारखे झाले.

१९०९ साली मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खासारख्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. अंधाऱ्या खोलीत बसून, सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरील एकेक चमक त्यांनी डोळ्यांनी मोजली. (ही साधना नव्हे तर काय?) बहुतेक कण आरपार गेले, हजारोंतून एखादा मात्र उलट फिरला. त्यावरून १९११ साली रदरफर्ड यांनी अनुमान काढले की, अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रात साठलेले असते. सोन्याचे अणुकेंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर त्याचा अणू सुमारे ८० मीटर रुंद भरेल.

कणादांचा परमाणू अविभाज्य व नित्य. आजचा अणू फुटतो. कणादांनी तर्काने केवढी झेप घेतली! परंतु दुसऱ्यांच्या श्रमाचे फळ त्यांच्या पदरात टाकल्याने त्यांची थोरवी वाढत नाही.

अणू इतका विरळ, म्हणून जग माया, असेही कोणी सांगतात. भिंतीवर डोके आपटून पाहावे; विरळ अणूंची भिंतही टेंगूळ आणतेच. शिवाय अणू ठासून भरलेला निघाला असता, तर शंकराचार्यांचा अद्वैतविचार खोटा ठरला असता काय? मुळीच नाही. 'पाहणारा मी कोण?' हा त्यांचा प्रश्न. तो फूटपट्टीने सुटणारा नव्हे. तसेच १९२७ सालचे हायझेनबर्ग यांचे अनिश्चिततेचे तत्त्व. कणाचे स्थान व संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक ठरविता येत नाहीत, पण ही मर्यादाही गणिताने बांधलेली आहे. चमत्कारांना तो परवाना नव्हे.

तो मुलगा आपल्याच ज्ञातीतील होता. आज तो या सभेत असेल, तर त्याने सभेनंतर मला अवश्य भेटावे.