यंत्रमागाची मोटर आणि ओहमचा नियम

सोलापुरी चादर आणि टॉवेल आज मुख्यतः यंत्रमागावर विणले जातात, आणि मागाची मोटर किती वर्षे टिकेल हे दाब, धारा व रोध या तीन राशींच्या नात्यावर बऱ्याच अंशी ठरते. विद्युतभाराला तारेतून पुढे ढकलणारा तो विद्युतदाब, म्हणजेच व्होल्टेज; दर सेकंदाला वाहून जाणारा विद्युतभार ती धारा, जी अँपिअरमध्ये मोजतात; आणि धारेला पदार्थाकडून होणारा अडथळा तो रोध, ज्याचे एकक ओहम. गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या नियमानुसार, तापमान कायम असेल तर धातूच्या तारेतील दाबाला धारेने भागून येणारी संख्या, म्हणजे रोध, बदलत नाही. दाब आणि धारा यांचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते.

पाणी तापवण्याची १००० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर धारा घेते, म्हणून तिचा रोध सुमारे ५३ ओहम. दाब २०० व्होल्टवर उतरला तर धारा ३.८ अँपिअर होते आणि शक्ती ७५६ वॅटच्या आसपास येते. पाणी उशिरा तापते, कॉइलला मात्र अपाय होत नाही.

मोटरला हाच हिशेब जसाच्या तसा लावला की फसगत होते. फिरणारी मोटर स्वतःच विरोधी दाब निर्माण करते, त्यामुळे दाबाला धारेने भागून तिच्या वाइंडिंगचा रोध मिळत नाही. शिवाय प्रत्यावर्ती प्रवाहात दाब आणि धारा एकाच क्षणी शिखर गाठत नसल्याने त्यांच्या गुणाकाराला शक्तिगुणकाने, म्हणजे पॉवर फॅक्टरने, गुणावे लागते, आणि थ्री फेजमध्ये आणखी १.७३ ने. एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची मोटर ७५ टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर तिला सुमारे ९९५ वॅट पुरवावे लागतात. ४१५ व्होल्ट आणि ०.७५ शक्तिगुणक धरल्यास धारा सुमारे १.८५ अँपिअर येते.

खरी मेख पुढे आहे. दाब ३६० व्होल्टवर घसरला तरी माग तितकेच काम मागतो, म्हणून मोटर सुमारे १५ टक्के जास्त धारा ओढते. जेम्स जूल यांनी १८४१ साली दाखवल्याप्रमाणे तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वाइंडिंगमधील उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. ‘व्होल्टेज कमी होते, तरी मोटर जळाली कशी?’ या प्रश्नाचे उत्तर या वर्गात आहे.

३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडणारी रायचूर–सोलापूर वाहिनी ७६५ किलोव्होल्टची आहे, तीही याच कारणाने. १००० मेगावॅट वाहून नेण्यास ४०० किलोव्होल्टवर सुमारे १४४० अँपिअर लागतात, ७६५ वर सुमारे ७५५; तारांचा रोध तोच धरला तर उष्णतेतील नासाडी सुमारे २७ टक्क्यांवर येते.

म्हणून कारखानदारांनी दाब केवळ मीटरपाशी न मोजता, सर्व माग चालू असताना शेवटच्या मागाच्या मोटरपाशी मोजावा, टाँग टेस्टरने धारा पाहावी, आणि ती मोटरच्या पाटीवरील आकड्यापेक्षा जास्त असेल तर वाइंडिंग जळण्याची वाट न पाहता तारेची जाडी आधी तपासावी.