शुश्रूषा : एका शब्दाचा गळलेला अर्थ



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला शब्द सोलून पाहण्याची सवय लावली. आज मी एकच शब्द घेऊन उभा आहे. वैद्यकाचा मला गंध नाही, हे आधीच कबूल करतो.

‘श्रु’ म्हणजे ऐकणे आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे वचन ऐकू इच्छिणारा शिष्य त्यांची सेवाही करी. म्हणून त्या शब्दाला सेवेचा अर्थ चिकटला आणि पुढे तो रुग्णाच्या उशाशी जाऊन बसला. मूळचा ऐकण्याचा अर्थ मात्र वाटेत कुठेतरी गळाला.

पांढुर्ण्यात याविषयी बोलताना गोटमार वगळता येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात आणि दगड सुटू लागतात. ही प्रथा राहावी की जावी, हा आजचा विषय नव्हे. माझे मत आपणां सर्वांना ठाऊक आहेच. त्या दिवशी शेकडो माणसे जखमी होतात, काठावरच्या तात्पुरत्या उपचार केंद्रांत टाके पडतात, गंभीर जखमींना नागपूरला हलवावे लागते. संध्याकाळी जखमींचा आकडा वर्तमानपत्रांकडे जातो. टाके घालणाऱ्या हातांची मोजदाद कोणी करीत नाही.

माझी एक विद्यार्थिनी परिचारिका आहे. एका वर्षी तिला या कामासाठी बोलावले होते. त्याआधी, ती जिथे नोकरीला आहे तिथे, बदलीची परिचारिका न आल्याने तिने लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या. ती म्हणाली, “सर, रक्ताचं काही वाटत नाही हो. पण त्या पोराच्या डोक्याला टाके पडत होते आणि मला त्याची कीव आली नाही, राग आला. घरी गेल्यावर त्या रागाचीच भीती वाटली. मी अशी नव्हते.”

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या गुणांत ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्याबरोबर ‘अनुराग’ही येतो. तो आटला म्हणजे आपणच वाईट ठरलो, असे त्या मुलीने मनोमन धरले होते. १९७४ मध्ये फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, लोकांच्या सेवेत राबणारी माणसे आतून जळून जातात, असे लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची तीन लक्षणे दिली : शक्ती निपटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने तिला रोग म्हटले नाही. दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणाशी तिचा संबंध जोडला. म्हणजे दोष त्या मुलीच्या स्वभावात शोधायचा नव्हता, हजेरीपटात शोधायचा होता.

डॉक्टरांचीही स्थिती निराळी नाही. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम नसावे, असे केंद्र शासनाने १९९२ मध्येच सांगितले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने मर्यादा सुचविली ती ७४ तासांची! बत्तीस वर्षांत सुधारणेचा आकडा वर गेला, यावरून प्रत्यक्षात काय चालत असेल ते ताडावे.

२०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मन मोकळे करणाऱ्यांचे ऐकून घेते. चांगलेच आहे. पण लागोपाठ दुसऱ्या पाळीत उभ्या असलेल्या बाईने दूरध्वनी करायचा तरी केव्हा?

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. या सभागृहात त्याच्या कारभाराशी संबंधित काही माजी विद्यार्थी बसले आहेत, म्हणून हे सांगतो. गोटमारीच्या कामावर येणाऱ्यांसाठी काय करावे, असे मी त्या मुलीला विचारले. मला वाटले, ती पगाराचे बोलेल. ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशी सुटी द्या, सर. आणि सुटीचं कारण विचारू नका.”