बर्फावरची बारावी

(ऑगस्टमध्ये मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात, टोरांटो परिसरातील पालकांसमोर केलेलं भाषण)



आपल्या व्यासपीठावर आजवर नाट्यसंगीतावर, गुंतवणुकीवर आणि गुडघेदुखीवर भाषणं झाली. आइस हॉकीवर बहुधा हे पहिलंच. मी मूळची सांगलीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा! पण आमचा धाकटा गेली अकरा वर्षं हा खेळ खेळतोय. पहाटे साडेपाचला रिंकच्या बाकावर थर्मासमधला चहा पीत मी जे पाहिलं, ऐकलं, विचारून घेतलं, ते इतर पालकांच्या उपयोगी पडेल असं कार्यकारिणीला वाटलं, म्हणून मी इथे उभी आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं शनिवारी सकाळी स्केट्स बांधतात. आणि भारतातून आजी-आजोबा फोनवर हमखास विचारतात, "पण यात पुढे काय?" आज त्या "पुढे"विषयीच बोलायचंय.

लहानपणी सगळे हौसेनं खेळतात. नऊ-दहा वर्षांचे झाले की निवड सुरू होते. सगळ्यात वरचा गट ट्रिपल ए. तिथे पोचलं की घरातले सगळे वीकएंड, निम्मा पगार आणि गाडीची डिकी हॉकीची होते. (त्या बॅगेच्या वासाबद्दल मी इथे बोलत नाही, नंतर जेवण आहे.)

खरा प्रश्न येतो पंधरा-सोळाव्या वर्षी. तेव्हा ओंटारियो हॉकी लीग, म्हणजे ओएचएलची निवड होते. संघ वीस, सतरा आपल्या प्रांतात, तीन सीमेपलीकडे मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियात. निवड झालेला मुलगा बहुतेक वेळा दुसऱ्या गावी जातो आणि तिथल्या एका कुटुंबात राहतो. त्याला इथे "बिलेट" म्हणतात. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता रडारड होणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे वार लावून जेवणं! माझे वडील पुण्यात असेच शिकले." एका वाक्यात त्यांनी आमचं अर्धं ओझं उतरवलं.

अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट. बत्तीस संघ, सात फेऱ्या, म्हणजे २२४ मुलं. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया, सगळी जगभरातली मुलं धरून. आणि ड्राफ्ट झाला म्हणजे नोकरी लागली असं नाही. त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या संघाला मिळाला, एवढंच. पुढे बरेचजण एएचएल या खालच्या लीगमध्ये खेळतात, काही त्याहून खाली ईसीएचएलमध्ये, जिथे पगार आठवड्याच्या हिशेबानं मिळतो. अनेकांचा करारही दुहेरी असतो. वर खेळलं तर एक पगार, खाली पाठवलं तर दुसरा, त्याच्या कितीतरी कमी. सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या शहरात असता.

हे नियम ऐकून कंटाळा येईल, म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते. मॅनी मल्होत्रा. जन्म १९८०, आपल्या मिसिसागात. वडील भारतीय वंशाचे, आई क्वेबेकची फ्रेंच भाषक. तो ग्वेल्फकडून ओएचएल खेळला आणि १९९८च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. म्हणजे बोर्डात सातवा आला म्हणा ना! आपल्याकडे लगेच पेढे वाटले असते.

आणि पुढे? १९९९-२०००च्या एकाच हिवाळ्यात तो रेंजर्सकडे होता, परत ग्वेल्फला होता आणि एएचएलमध्ये हार्टफर्डलाही होता. २००२ मध्ये त्याला डॅलसला देऊन टाकलं. २००३ मध्ये डॅलसनं त्याचं नाव वेव्हर्सच्या यादीत टाकलं. ज्याला हवा त्यानं न्यावा, अशी ही यादी. कोलंबसनं उचलला. २००४-०५चा एनएचएलचा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला, तेव्हा तो युरोपात जाऊन खेळला.

सातव्या क्रमांकाच्या मुलाकडून लोक गोलांची अपेक्षा करतात. मल्होत्रानं एनएचएलच्या ९९१ सामन्यांत गोल केले ११६. मग त्याला इतकी वर्षं ठेवला कुणी आणि का? तर त्यानं दोन कामं हातखंडा केली. एक फेसऑफ, म्हणजे पंच दोघांच्या मध्ये पक टाकतो तेव्हा तो आपल्याकडे ओढणं. दुसरं, आपला एक खेळाडू शिक्षेला बाहेर बसलेला असताना गोल वाचवणं. दोन्ही कामांना टाळ्या कमी, पण प्रत्येक प्रशिक्षकाला असा माणूस हवाच असतो. घरातल्या त्या काकांसारखा, जे लग्नात फोटोत कुठेच नसतात, पण ते नसले तर पंगत बसत नाही.

मार्च २०११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना त्याच्या डाव्या डोळ्यावर पक बसला. शस्त्रक्रिया झाल्या. तरी त्याच जूनमध्ये तो स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत मैदानात उतरला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. पण नजर पूर्वीसारखी झाली नाही. २०१३ मध्ये त्याच्या सुरक्षिततेसाठी संघानंच त्याला थांबवलं. तेहेतिसाव्या वर्षी तो पुन्हा खाली, शार्लटच्या एएचएल संघात गेला. तिथून कॅरोलायनानं त्याला वर बोलावलं. मग माँट्रियल, शेवटी पुन्हा एएचएल. त्यानंतर प्रशिक्षक. २०२५ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली ॲबट्सफर्डनं एएचएलचा काल्डर कप जिंकला, आणि अंतिम फेरीत समोर होता तोच शार्लटचा संघ.

त्या ॲबट्सफर्ड संघात सरीचा अर्शदीप बेन्स होता. त्याला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. तो रेड डीअरकडून खेळत राहिला, २०२१-२२ मध्ये पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले, तेव्हा व्हँकुव्हरनं करार केला. २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये पहिला सामना खेळला. एकाला सातव्या क्रमांकावर घेतलं, दुसऱ्याला घेतलंच नाही, आणि दोघंही एकाच बाकावर, एकाच कपाशी पोचले. म्हणून मी म्हणते, अठराव्या वर्षीचा निकाल हा शेवटचा निकाल नव्हे.

आता आमच्या घराकडे येते. आमच्या मुलाची ओएचएलमध्ये निवड झाली ती अकराव्या फेरीत. एक वर्ष तो घरी राहूनच खेळला. यंदा त्या संघानं जागा देऊ केली. गाव घरापासून तीन तासांवर. आणि वर्ष कुठलं? बारावीचं! आता सांगा, मराठी घरात याहून मोठा भूकंप कोणता?

पूर्वी हा निर्णय जास्त अवघड होता. ओएचएलसारख्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलं की अमेरिकन विद्यापीठांच्या हॉकीचं दार बंद व्हायचं. सोळाव्या वर्षी एकच वाट निवडा, असा मामला. १ ऑगस्ट २०२५ पासून हा नियम बदलला. आता ज्युनियर खेळूनही तिथे जाता येतं. शिवाय ओएचएलच्या करारात बहुधा शिक्षणाची तरतूद असते. खेळलेल्या हंगामांच्या हिशेबानं पुढे कॉलेजची फी मिळते. मात्र ती कधी सुरू होते, कशानं बंद होते, हे वकिलाकडून वाचून घ्या. फ्लॅटचा करारनामा वाचतो ना आपण, तसा.

आम्ही पंधरा दिवस चर्चा केली. नवरा म्हणाला, इंजिनिअरिंग वाट बघणार नाही. मुलगा म्हणाला, हॉकी तर त्याहून वाट बघणार नाही. दोघंही बरोबर! शेवटी मुलानंच कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. गणित आणि फिजिक्स सोडणार नाही. डोक्याला मार लागला तर लपवणार नाही. आणि वीस वर्षांचा होईपर्यंत कुणी करार दिला नाही, तर न कुरकुरता विद्यापीठात जाईन. तिसरं वाक्य वाचताना नवऱ्यानं चष्मा पुसला.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की "एनएचएलला जाईल का?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. "पुढचं दार कोणतं, आणि त्यात शिरताना मागचं कोणतं बंद होतं?" हे विचारा. त्याचं उत्तर मिळतं. आणि जो प्रशिक्षक छातीठोकपणे आश्वासनं देतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आपण रोज ज्या टिम हॉर्टन्समध्ये कॉफी घेतो, तो टिम हॉर्टनही हॉकीपटूच. मेपल लीफ्सचा बचावपटू. १९६४ मध्ये हॅमिल्टनला दुकान निघालं, तेव्हा तो अजून खेळत होता. खेळाबाहेरही पोट असतं हे त्या पिढीला ठाऊक होतं.

लेबर डेच्या आधीच्या शनिवारी आम्ही त्याला सोडायला जाणार आहोत. त्या घरच्या बाईंना मी विचारलं, काय आणू? त्या म्हणाल्या, त्याला आवडतं ते कसं करायचं तेवढं लिहून द्या. तेव्हा सध्या मी थालीपिठाची कृती इंग्रजीत लिहितेय. भाजणीसाठी शब्द कुणाला सुचला, तर जेवताना नक्की सांगा.