आज का आला नाहीस?

(कोजागरी पौर्णिमेनिमित्त झालेल्या कुटुंब संमेलनातील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या परदेश प्रवासाविषयी बोला, असे संयोजकांनी मला सुचवले होते. पत्रकार लंडनला जाऊन आला म्हटल्यावर तो तेथील वस्तुसंग्रहालयांविषयी आणि राजवाड्यांविषयी काही सांगेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच आहे. परंतु २०२३च्या उन्हाळ्यातील त्या दहा दिवसांत मी लंडन फारसे पाहिले नाही. मी एक माणूस पाहिला. त्याच्याविषयी, आणि खरे म्हणजे माझ्या स्वतःच्या एका अपराधाविषयी, आज मी बोलणार आहे.

तो माझा बालमित्र. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावी आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच सायंशाखेत खेळलो. तो माझा गटनायक होता. एखाद्या दिवशी मी शाखेला दांडी मारली, तर विकिर झाल्यावर तो थेट आमच्या ओट्यावर हजर होई आणि एकच प्रश्न विचारी, ‘‘आज का आला नाहीस?’’ त्या प्रश्नात दटावणी नसे, चौकशी असे. ताप आलेला असला तर तो उशाशी बसून राही. पुढे मी कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात शिरलो, तो बांधकाम अभियंता झाला.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे झोपी गेली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही दोघेही मदतकार्यासाठी गेलो. तेथे जे पाहिले त्याचे वर्णन मुलाबाळांसमोर करणार नाही. इतकेच सांगतो, की त्या माणसांना केवळ भूकंपाने मारले नव्हते. चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे माती चढवत नेलेली माळवदे, यांनी त्यांना झोपेतच गाडले. माझा मित्र त्या ढिगाऱ्यांकडे पाहत म्हणाला होता, ‘‘आता आयुष्यभर हेच काम. भक्कम घरे बांधायची.’’

१९९९ साली तोच मित्र इंग्लंडला निघून गेला.

मला ते सहन झाले नाही. मी त्याला निरोप द्यायला गेलो नाही. त्याच आठवड्यात मी एक लेख लिहिला. आपद्ग्रस्तांच्या ढिगाऱ्यावर उभे राहून प्रतिज्ञा करणारे आणि विमानाचे तिकीट हाती पडताच मातृभूमीचे ऋण विसरणारे उच्चशिक्षित तरुण, असा त्याचा विषय होता. नाव लिहिले नव्हते. पण गावात कोणाला कळायचे राहिले नाही. लेखाचे कौतुक झाले. त्याचे एक पत्र आले, त्याला मी उत्तर दिले नाही. अशी चोवीस वर्षे गेली.

लंडनला कामानिमित्त जाण्याचे ठरले, तेव्हा पत्नी म्हणाली, ‘‘आता तरी फोन करा.’’ केला. पलीकडून क्षणभर शांतता आणि मग जुनाच आवाज, ‘‘कधी येतोस?’’

आम्ही भेटलो ते हायगेटमध्ये, क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरील ६५ क्रमांकाच्या घरासमोर. पंडित श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये उघडलेले हेच ते इंडिया हाऊस. १९०६ मध्ये लंडनला आलेले स्वातंत्र्यवीर सावरकर येथेच राहत. भिंतीवरची गोल निळी पाटी त्यांना ‘भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ’ म्हणते. फूटपाथवर उभे राहून आम्ही दोघांनी हात जोडले. मार्सेल्सला ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून उडी घेतली, तेव्हा त्यांना घ्यायला निघालेल्या मादाम कामा आणि अय्यर यांना पोहोचायला थोडका उशीर झाला, असे सांगितले जाते. श्यामजी १९३० मध्ये जिनिव्हात निवर्तले. त्यांच्या अस्थी मायदेशी यायला २००३ साल उजाडले. त्या घरासमोर उभे असताना उशीर हा शब्द माझ्या मनातून जाईना.

‘‘लेख वाचला होतास?’’ मी अखेर विचारले.

‘‘वाचला होता. भाषा चांगली होती,’’ तो म्हणाला.

मग चालता चालता त्याने सांगितले. किल्लारीहून परतल्यावर तो स्वतःच्या वाड्यात झोपू शकत नव्हता. आमच्या गावातले वाडेही तसेच, दगडमातीचे, वर माळवद. डोळा लागला की छत खाली येई. सहा वर्षे त्याने अंगणात, देवळाच्या पारावर, एसटी स्थानकाच्या बाकावर रात्री काढल्या. घरच्यांना वाटले, मुलगा विरक्त झाला. वडिलांना सांगायची लाज वाटे. धट्टाकट्टा स्वयंसेवक आणि छताला भितो! अखेर लांब जाण्याची एक संधी आली आणि त्याने ती घेतली. ‘‘पैशासाठी गेलो नाही रे,’’ तो म्हणाला, ‘‘झोपेसाठी गेलो.’’

मित्रहो, प्रश्न विचारणे हा माझा व्यवसाय आहे. तीस वर्षे मी मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. माझ्या गटनायकाला मात्र एकही विचारला नाही. तो सहा वर्षे माझ्या डोळ्यांसमोर देवळाच्या पारावर झोपत होता आणि मी निष्कर्ष काढून मोकळा झालो.

मग त्याला कोणी विचारले? तेही ऐका. त्या पहिल्या हिवाळ्यात एक वृद्ध गुजराती गृहस्थ त्याच्या दारी आले. १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांच्या मुदतीत युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, त्यांतील सुमारे अठ्ठावीस हजार ब्रिटनमध्ये आले. त्यांपैकी हे एक. हिंदू स्वयंसेवक संघाचे काम ब्रिटनमध्ये १९६६ पासून चालते. त्याआधी पूर्व आफ्रिकेत, नैरोबीत, १९४७ मध्येच ते सुरू झाले होते. माझा मित्र दोनदा तेथील शाखेत गेला आणि तिसऱ्या वेळी गेला नाही. हे गृहस्थ बर्फातून चालत आले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘‘आज क्यों नहीं आये?’’ माझ्या मित्राने दारातच रडायला सुरुवात केली. तेथील प्रार्थनेचे शब्द आपल्याहून वेगळे आहेत. पण तो प्रश्न तोच होता. सारे काही गमावून आलेल्या माणसाने तो जपला होता. मी गावात सुरक्षित राहून तो हरवला होता.

पुढच्या रविवारी मित्राने मला डॉलिस हिल लेनवरील महाराष्ट्र मंडळात नेले. १९३२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तेथे जेवणाच्या पंगतीत त्याने माझी ओळख करून दिली, ‘‘हा माझ्या गटातला.’’ दुसरे काही बोलला नाही.

गैरसमज नको. शिकलेल्या तरुणांची देशाला गरज आहे, हे माझे मत आजही कायम आहे. त्यावर मी पुन्हा लिहीन. परंतु एखाद्या प्रवृत्तीवर टीका करणे वेगळे आणि त्या टीकेच्या आडून मित्राचा निवाडा करणे वेगळे. आपण व्यक्ती-व्यक्ती जोडण्याचे काम करतो, असे म्हणतो. त्या कामाला आपला शब्द आहे संपर्क. संपर्क म्हणजे उपस्थितांची मोजदाद नव्हे. जो आला नाही, त्याच्या दारी जाणे, म्हणजे संपर्क.

गेल्या हिवाळ्यात तो पंधरा दिवस गावी आला आणि माझ्या घरी उतरला. घर आता सिमेंटचे आहे. तरी रात्री अंथरुणे घालण्याआधी मी विचारले, ‘‘कुठे झोपणार?’’ तो म्हणाला, ‘‘अंगणात.’’ मी दोन खाटा टाकल्या.

आज कोजागरी आहे. ‘कोण जागा आहे?’ असे विचारत आज लक्ष्मी फिरते, अशी आपली श्रद्धा. दूध आटेपर्यंत अर्धा तास आहे. येथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात न आलेल्या कोणाचे तरी एक नाव असेल. त्याला फोन करा, आणि खुलासा मागू नका. फक्त विचारा, आज का आला नाहीस?

भारत माता की जय!