दोरीच्या अलीकडे : ज्वालामुखीच्या प्रदेशातली एक दिवसाची सहल



आपण कुणी इंदूरहून ऐकत असाल, कुणी बडोद्याहून, बेळगावहून, हैदराबादहून. मी महूला राहतो. तीस वर्षांहून अधिक काळ लष्करात काढली, आता निवृत्त आहे. निवृत्त फौजी म्हटलं की लोकांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. आज मी सहलीची गोष्ट सांगणार आहे. पण विषय तोच आहे, जोखमीचा. आणि जमिनीवर पाऊल कुठे ठेवायचं याचा.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआ नावाचं शहर आहे. मी आणि माझी पत्नी तिथे गेलो होतो. एका दिवसाची सहल घेतली. छोटी व्हॅन, आम्ही अकरा प्रवासी आणि एक मार्गदर्शक, जी गाडीही चालवत होती. ती माओरी होती, पन्नाशीतली. मी तिला इथे नुसतं ताई म्हणतो.

आधी ती जमीन कशी आहे ते सांगतो. त्या भागाखाली पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाखाली सरकतोय. खाली जाणाऱ्या पट्टाबरोबर पाणीही खाली जातं, त्या पाण्यामुळे खोलवरचा खडक कमी तापमानाला वितळतो आणि शिलारस वर येतो. रोटोरुआचं तळं ज्या खड्ड्यात आहे, तो सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटानंतर जमीन खचून झालेला आहे. म्हणजे ते शहरच ज्वालामुखीच्या कढईत वसलंय. गावातल्या बागेतून वाफा निघतात. हवेला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. दोन तासांत नाक सरावतं.

आपला महाराष्ट्र आणि माळवाही ज्वालामुखीचाच, पण आपला काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झाला. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर इथली गरम कुंडं आजच्या ज्वालामुखीमुळे नाहीत. पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. जिवंत ज्वालामुखी आपल्या देशात एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर. म्हणून आपल्याला पायाखालची जमीन भरवशाची वाटते. रोटोरुआला ती सवय बाजूला ठेवावी लागते.

सकाळी व्हॅनमध्ये बसल्यावर ताईने पहिला अर्धा तास एकही निसर्गवर्णन केलं नाही. तिने प्रश्न विचारले. कुणाला दमा आहे का? हृदयाचा त्रास? गुडघे दुखतात का? सँडल कोण घालून आलंय? मग सांगितलं, "आज मी हात वर केला की सगळ्यांनी जिथे आहात तिथे थांबायचं. का, ते नंतर विचारायचं." मी मनात म्हटलं, ही बाई आमच्या पलटणीत चालली असती. मोहिमेआधी आम्ही हेच करायचो. माणसं मोजायची, कुणाचा पाय दुखतो ते बघायचं, खुणा ठरवायच्या. अकरा माणसांत हे होतं. पन्नास जणांच्या बसमध्ये माईकवरून सूचना होते, प्रश्न होत नाही.

माझ्या पत्नीला दमा आहे. तिने हात वर केला. ताईने तिला पुढच्या आसनावर बसवलं आणि सांगितलं, "वारा आपल्याकडे वाफ आणत असेल तिथे आपण उभं राहायचं नाही. फवारा खिशात ठेवा, पिशवीत नको." बायकोने लगेच विचारलं, "मला मधूनच परत फिरायचं झालं तर गाडी कुठे येईल?" इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडून काय उचललं असेल तर हे. जाण्याआधी परतीची वाट विचारायची.

पहिला मुक्काम वाय-ओ-तापू. तिथे लेडी नॉक्स नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. रोज सकाळी सव्वादहाला उडतो. निसर्गाला घड्याळ कसं कळतं? कळत नाही. माणूस त्यात साबण टाकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या खुल्या तुरुंगातले कैदी त्या गरम पाण्यात कपडे धूत होते, साबण आत गेला आणि पाणी उसळलं. ताईने हे आधीच सांगून टाकलं. मला ते आवडलं. चमत्कार म्हणून विकणं सोपं होतं.

फवारा उडतो कसा, हे फौजी माणसाला कुकरवरून समजतं. उंचावर डाळ शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी आणि पाणी लवकर उकळतं. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. जमिनीखालच्या नळीत तेच होतं. वरच्या पाण्याच्या वजनाखाली खालचं पाणी दबून तापत राहतं. वरचं थोडं पाणी सांडलं की दाब उतरतो आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होते. शिट्टी न होता झाकण उघडावं, तसं.

पुढे शॅम्पेन पूल. सुमारे ६५ मीटर रुंद कुंड, ६० मीटरांहून खोल, पृष्ठभागावर ७४ अंशांच्या आसपास पाणी. कडेला नारिंगी पट्टा, तो आर्सेनिक आणि अँटिमनीच्या संयुगांचा. मधून कर्बवायूचे बुडबुडे. फार सुंदर. सुमारे ९०० वर्षांपूर्वी जमिनीखालच्या वाफेचा स्फोट होऊन हा खड्डा पडला.

इथे आमच्यातल्या एका गृहस्थांनी दहा वर्षांच्या मुलाला दोरीच्या पलीकडे उभं करायला सुरुवात केली. फोटोसाठी. पांढरी सपाट जमीन, दिसायला सिमेंटसारखी. ताईचा हात वर गेला. आम्ही सगळे थांबलो. ती ओरडली नाही. चालत गेली, मुलाचा हात धरून त्याला वाटेवर आणलं आणि वडिलांना म्हणाली, "इथे वरचा थर पाण्यातल्या खनिजांचा बनलाय. कुठे हातभर जाड आहे, कुठे बोटभर. वरून मलाही ओळखता येत नाही. मी रोज येते, तरी मी दोरीच्या अलीकडेच असते." गृहस्थ नाराज झाले. पण मुलाने नंतर वडिलांचा हात सोडला नाही.

सुरुंग पेरलेल्या भागातून वाट काढली की दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावतात. फितीच्या आत चालायचं. फितीबाहेरचं गवतही अगदी तसंच हिरवं असतं. धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर फीत लावायची. ती दोरी मला तशी वाटली. आणखी एक गंमत. वाय म्हणजे पाणी. तापू म्हणजे पवित्र, आणि त्याचबरोबर ज्याला हात लावायचा नाही असं. आपल्या सोवळ्यासारखं. इंग्रजीतला टॅबू हा शब्द पॉलिनेशियातल्या याच शब्दकुळातून आला. ज्यांनी ती नावं ठेवली, त्यांना जमीन कळली होती.

दुपारी वायमांगूची दरी. या दरीचं वय फार थोडं आहे. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा पर्वत फुटला, जमीन १७ किलोमीटर फाटली, त्यातून ही दरी झाली. सुमारे १२० माणसं गेली, त्यातली बहुतेक माओरी. त्याआधी तिथे गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांची नैसर्गिक कुंडं होती. जगभरातून लोक ती पाहायला यायचे आणि ते वायरोआ गावातल्या माओरी बायका त्यांना होडीतून, पायी, फिरवून आणायच्या. म्हणजे मार्गदर्शकाबरोबर छोट्या गटाची सहल तिथे दीडशे वर्षांपूर्वीपासून आहे. त्यातल्या सोफिया हिनेरांगी या मार्गदर्शक बाईंच्या घरात त्या रात्री ६० हून अधिक लोकांनी आसरा घेतला. बाहेर राखेचा आणि चिखलाचा पाऊस पडत होता, गाव गाडलं गेलं, त्यांचं घर टिकलं. मार्गदर्शक कुणाला म्हणायचं, हे मला त्या गोष्टीतून कळलं.

दुसरी गोष्ट याच दरीतली. १९०० ते १९०४ या काळात इथे वायमांगू नावाचा जगातला सर्वांत मोठा फवारा उडत होता. कधी कधी ४०० मीटरांपर्यंत, काळं, दगडमातीचं पाणी. ३० ऑगस्ट १९०३ रोजी चार माणसं नीट दिसावं म्हणून जवळ गेली. त्यांना मागे यायला सांगितलं होतं. फवारा उसळला आणि चौघांनाही घेऊन गेला. त्यांच्यात जो वॉरब्रिक होता, न्यूझीलंडचा नावाजलेला रग्बी खेळाडू आणि स्वतः मार्गदर्शक. माहीतगार माणूसही गेला.

दरीत एक गरम तळं आहे, १९१७ च्या स्फोटातून झालेलं, सुमारे ३८ हजार चौरस मीटरांचं, सतत वाफाळणारं. पुढे एका निळ्या विवरातलं पाणी साधारण ३८ दिवसांच्या चक्राने चढतं-उतरतं. तिथे जायला पायऱ्या. वाफ आमच्या दिशेने येत होती. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते." ताईने तिच्याजवळ थांबायला आमच्यातल्या एका परिचारिकेला विनंती केली, ती आनंदाने थांबली. पुढे ठरलेल्या थांब्यावरून दोघी बसने खाली आल्या. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर दुपारी कामी आलं.

आता कठीण भाग. त्याच देशात, किनाऱ्यापासून सुमारे ४८ किलोमीटरवर फाकाआरी, म्हणजे व्हाइट आयलंड आहे. तिथेही एका दिवसाच्या सहली जायच्या. ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी २ वाजून ११ मिनिटांनी ज्वालामुखी फुटला. बेटावर ४७ जण होते. २२ मरण पावले, त्यांत दोन मार्गदर्शक. तीन आठवड्यांपूर्वी, १८ नोव्हेंबरला, धोक्याची पातळी ० ते ५ च्या मोजमापात १ वरून २ केली होती. ती माहिती उघड होती. तरी सहली चालू होत्या.

मला व्हॅनमध्ये कुणीतरी विचारलं, "साहेब, तुम्ही गेला असता का?" मी म्हटलं, पातळी २ वर नाही. सैनिक धोका पत्करतो तेव्हा त्याला धोका सांगितलेला असतो, कारण सांगितलेलं असतं आणि त्याने शपथ घेतलेली असते. पर्यटकाने फक्त तिकीट घेतलेलं असतं. त्याला धोका सांगितला नाही, किंवा मौजेच्या भाषेत सांगितला, तर त्याच्या धाडसाला अर्थ नाही. ते धाडसच नाही. म्हणून मी वाय-ओ-तापूला जाईन, वायमांगूला पुन्हा जाईन, कारण तिथे आखलेल्या वाटेवर राहिलं तर धोका फार कमी होतो. सक्रिय विवराच्या पोटात उतरल्यावर कुठलीच वाट सुरक्षित नसते.

आपल्याकडेही हा विषय येतोय. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात, चार हजार चारशे मीटरांच्या आसपास, झऱ्यांचं पाणी तिथल्या उत्कलनबिंदूजवळ असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे भूऔष्णिक विजेसाठी करार झाला. वीज हवीच. न्यूझीलंडने १९५८ मध्ये वायराकेईला वाफेवर वीज केली, पण शेजारच्या दरीतले फवारे बंद पडले. रोटोरुआत घरोघरी विंधनविहिरी झाल्या तेव्हा पोहुतू फवाऱ्याच्या काळजीने १९८६-८७ मध्ये त्याच्या दीड किलोमीटर परिघातल्या विहिरी बंद केल्या. दाब परत वाढला, झरे सुधारले. हे आधी शिकून घ्यायला काय हरकत आहे?

तेव्हा मंडळी, अशा सहलीला जाणार असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. आजची धोक्याची पातळी काय, आणि कितीला तुम्ही सहल रद्द करता? रद्द झाली तर पैसे परत मिळतात का? एका मार्गदर्शकामागे माणसं किती? मधूनच परतायची सोय काय? उत्तर देणारा चिडला, तर दुसरा शोधा. तुमचा दमा, रक्तदाब लपवू नका. बंद बूट घाला. आणि नातवंडांचा फोटो दोरीच्या अलीकडूनच काढा. तिथून पण छान येतो, आम्ही काढलाय.

 जय हिंद.