सामाईक भिंत

व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, इंग्लंडात घरांची एक तऱ्हा फार वाढली. बाहेरून एकच ऐसपैस घर दिसावं. आत मधोमध एक भिंत आणि दोन बिऱ्हाडं. दोन दारं, दोन जिने, सगळं आरशात पाहिल्यासारखं. दोन्हीकडची धुराडी पुष्कळदा त्या मधल्या भिंतीतूनच वर जात. आपण त्याला जोडघर म्हणू.

शेंदूरजनाघाटच्या माणसाला याचं नवल वाटायचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या या संत्र्यांच्या गावात माझ्या दादांनी दोन मुलांसाठी असंच घर बांधलं. वीट, चुना, सागवानी तुळया, वर कवेलू. मधली भिंत दोन हात रुंद. तिच्यात अब्बांच्या बाजूनं कंदिलाचा कोनाडा, चाचांच्या बाजूनं पानदानाचा. दोन्हीकडच्या तुळयांची टोकं तिच्यावरच टेकलेली. चाची रागावल्या की भांडी आपटण्याचा आवाज मात्र तिनं कधी अडवला नाही.

माझ्या चुलतभावानं काही वर्षांपूर्वी त्याच्या बाजूला सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत माझ्या बाजूला पांढरं मीठ फुटलं, विटांचे पोपडे निघू लागले. म्हातारा गवंडी बघून म्हणाला, “भितीले सिमीटाचा कोट घातला तं घाम जाईन कुठी?” जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून वाळून जाते, सिमेंटनं तो रस्ता बंद केला की ती विटेतून वाट काढते. ओलीबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी गोठतात आणि वीट फोडतात. इंग्लंडातल्या जुन्या घरांच्या दरजा विसाव्या शतकात सिमेंटनं भरल्या, तिथंही हेच झालं. आता तिथले जाणकार पुन्हा चुना वापरा म्हणतात. आपल्याला तर तेवढं लांब जायला नको. गाविलगडावर जाऊन यावं.

आता चुलतभावाला त्याचा अर्धा भाग पाडून स्लॅब टाकायचा आहे. मुलं मोठी झाली, खोल्या पुरत नाहीत. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण अर्धं घर पाडलं की उरलेल्या अर्ध्याचा आधार जातो. आजवर घराच्या आत असलेली भिंत एकदम पावसात उभी राहते. इंग्लंडात १९९६ च्या कायद्यानं अशा भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला दोन महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते. आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात वीस वर्षं निर्वेध मिळालेल्या आधाराचा हक्क मानला आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे. २०१८ मध्ये तिथल्या व्हिक्टोरियन इमारती जागतिक वारशात गेल्या. आमची भिंत कुठल्याच यादीत नाही. आणि भावाला कायद्याचा कागद दाखवायचा म्हणजे ईदच्या शीरखुर्म्यात मीठ टाकणं.

म्हणून ओसरीवर बसून ठरवलं. भिंत पाडायची नाही. त्याचे कॉलम भिंतीपासून हातभर दूर उभे राहतील. तुळया घणानं न तोडता आधी टेकू देऊन एकेक सोडवायच्या, भोकं विटा-चुन्यानं बुजवायची. उघड्या पडणाऱ्या बाजूला चुन्याचा गिलावा, वर पाणी झाडणारं छज्जं. मधल्या बोळीतलं पाणी कुणाच्या अंगणातून काढायचं, यावर मात्र दोन दिवस वाद झाला. शेवटी माझ्या.

मृगबहाराचा पैसा हाती आला की काम लागेल. त्याची कवेलू तो विकणार होता. मी मागून घेतली. पावसाआधी फेरताना दरवर्षी पंचवीस-तीस तरी फुटतात.